खाली उतरायचं की वेग कमी करायचा?

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून एका वाचक बाईंनी विचारलंय: त्यांचा मुलगा घरच्या संगणकावर एअरबस 320 उडवतो आणि न्यूअर्कला उतरताना रोज त्याची तीच रड असते. विमान एक तर फार उंच राहतं, नाही तर फार वेगात येतं. उंची कमी करायला नाक खाली केलं की वेग वाढतो. वेग आवरायला नाक वर केलं की उंची काही उतरत नाही. दोष खेळाचा की पोराचा?

दोघांचाही नाही. विमान फार चांगलं बनलंय, हीच अडचण आहे. इंजिनं मंद करून सोडलं, तरी असं जेट 1 किलोमीटर उंची खर्चून साधारण 17 किलोमीटर पुढे जातं. धावपट्टीकडे येण्याचा नेहमीचा उतार 3 अंशांचा, म्हणजे 1 मीटर खाली यायला 19 मीटर पुढे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. त्यामुळे या उतारावर इंजिन पूर्ण मंद ठेवूनही वेग अगदी सावकाश कमी होतो. उतार जरा वाढवला, की तो कमी व्हायचाच थांबतो.

हिशेब करून बघा. 60 टनांचं विमान 35,000 फुटांवर 450 नॉटने चाललंय. त्याच्या उंचीत आणि वेगात मिळून साठलेली ऊर्जा सुमारे 2,200 युनिट विजेइतकी भरते. धावपट्टीला चाकं टेकताना वेग 135 नॉट असतो आणि शिल्लक उरते फक्त 40 युनिट. ती ब्रेक आणि उलटा झोत सांभाळून घेतात. बाकी सगळी अर्ध्या तासाच्या आत हवेला देऊन टाकायची, तीही प्रवाशांच्या हातातला चहा न सांडता. उतरणं ते हेच. चढताना तेवढीच ऊर्जा इंधन जाळून जमवलेली असते, आणि इंजिनाला जोर असला की ते काम तुलनेने सोपं.

उंची आणि वेग ही एकाच ऊर्जेची दोन रूपं आहेत, हे 1863 मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाने आपल्याला केव्हाच दाखवलंय. तिथला तीव्र चढ 37 फुटांना 1 फूट. उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर काय, याची सोय म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवली: सुटलेली गाडी चढाच्या रुळावर वळवायची. चढता चढता वेगाची उंची होते आणि गाडी थांबते. कुठलंही यंत्र नाही, नुसता मातीचा चढ. मला हा अभियांत्रिकीतला फार देखणा उपाय वाटतो. आणि विमानाचा 3 अंशांचा उतार बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट तीव्र आहे, हे खिडकीशी बसून कधी जाणवतं का?

हाच सौदा आकड्यांत: 250 नॉटवरून 210 वर यायचं, तर त्या वेगाची किंमत 250 मीटर, म्हणजे 800 फूट उंचीइतकी आहे. म्हणून वैमानिक आधी वेग उतरवतात, मग उंची, किंवा उलट. दोन्ही एकदम हवं असेल तर पंखांवरचे स्पॉयलर उघडून ऊर्जा चक्क उधळावी लागते. आणखी एक गंमत. भरलेलं विमान जड, म्हणून लवकर खाली येईल असं वाटतं ना? त्याच वेगाने उतरताना ते रिकाम्यापेक्षा लांब तरंगतं. जड विमानाचं उतरणं लवकर सुरू करावं लागतं.

किती लवकर? ठोकताळा सोपा आहे: हजार फुटांमागे 3 सागरी मैल. 35,000 फुटांवरून 105 मैल, वर वेग उतरवायला 10 मैल. दक्षिणेकडून न्यूअर्कला येणाऱ्याने बाल्टिमोर मागे पडल्यावर, फिलाडेल्फिया यायच्या आधीच इंजिनं मंद करायची. वेस्ट विंडसर न्यूअर्कपासून सरळ रेषेत सुमारे 31 सागरी मैलांवर आहे. म्हणजे या मुलाचं विमान स्वतःच्या घरावर येईल तेव्हा 10,000 फुटांवर हवं. अमेरिकेत त्याखाली 250 नॉटची वेगमर्यादाही आहे. (याच गावातल्या ग्रोव्हर्स मिलला 30 ऑक्टोबर 1938 च्या रेडिओ नाटकात मंगळवासी उतरले होते. त्यांनी स्पॉयलरची भानगड ठेवली नाही. शेतात खड्डा पाडला आणि हिशेब मिटवला.)

आता खरा वाद. उंची कोणत्या हाताने सांभाळायची आणि वेग कोणत्या? दांडीने नाक वर केलं की विमान चढतं आणि थ्रॉटलने वेग वाढतो, असं कुणीही सांगेल. याला कडाडून विरोध केला तो वेस्ट विंडसरला लागूनच असलेल्या प्रिन्स्टनमध्ये पुढे राहिलेल्या वुल्फगँग लांगेविशे यांनी. जर्मनीत जन्मलेल्या या चाचणी-वैमानिकाचं 'स्टिक अँड रडर' हे पुस्तक 1944 चं. त्यांचं म्हणणं उलटं होतं: दांडी वेग ठरवते, चढ-उतार थ्रॉटल ठरवतो. वैमानिक आजही यावर भांडतात.

मजा अशी की एअरबसच्या ऑटोपायलटमध्ये दोन्ही पंथ बटणांच्या रूपाने शेजारी शेजारी बसलेत. 'ओपन डिसेंट' निवडलं की इंजिन मंद होतं आणि नाक वर-खाली करून वेग राखला जातो: हा लांगेविशे पंथ. 'व्हर्टिकल स्पीड' निवडलं की मिनिटाला किती फूट ते नाक पाळतं आणि वेगाची जबाबदारी इंजिनावर जाते: हा विरुद्ध पंथ. उतरताना दुसऱ्यात जास्त फूट मागितले, की इंजिन आधीच मंद असल्याने वेग बेफाम वाढतो. आणि पातळ हवेत चढताना जास्त मागितले, तर ऑटोपायलट इमानाने नाक वर धरून ठेवतो आणि वेग गळत जातो. मुलगा यातच अडकला असणार, अशी माझी अटकळ आहे.

हा गोंधळ मोठ्यांनाही चुकलेला नाही. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या एशियानाच्या बोइंग 777 मध्ये वैमानिकांना वाटत होतं की ऑटोथ्रॉटल वेग राखतोय. निवडलेल्या बटणामुळे आणि त्यानंतर थ्रॉटल हाताने मागे ओढल्यामुळे तो स्वस्थ बसला होता. 137 नॉट हवे होते, वेग 103 वर आला, तिघे गेले. 2009 मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सचं विमान नाक वर आणि इंजिनं जोरात असताना मिनिटाला 10,000 फुटांहून जास्त वेगाने समुद्रात कोसळलं. त्यावर 2014 मध्ये दीर्घ लेख लिहिणारे विल्यम लांगेविशे हे वुल्फगँग यांचेच चिरंजीव.

वादाचा निकाल माझ्या मते टोनी लॅम्ब्रेग्ट्स या अभियंत्याने 1980 च्या दशकात लावला, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. थ्रॉटल एकूण ऊर्जा ठरवतो. दांडी ती उंची आणि वेग यांत वाटून देते. एवढंच. नासाच्या बोइंग 737 वर या पद्धतीची चाचणी झाली, आणि आज छंदी लोकांच्या ड्रोनमधल्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती राबते आहे.

घरगुती सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब विमान, ही जाहिरात मी मानत नाही. पाठीला बसणारा रेटा तिथे नाही, भीती तर नाहीच. पण ऊर्जेचा हिशेब त्यात बरोबर असतो, आणि या मुलाला तेवढाच हवा आहे. त्याने एकच उतरणं दोन्ही बटणांनी करून बघावं आणि वेगाच्या पट्टीवर नजर ठेवावी. पुढे खरंच उडायचं असेल तर वेस्ट विंडसरमध्येच मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजात वैमानिकांचा अभ्यासक्रम आहे. तोवर विमान कंपन्यांचा एक नियम त्याने घरीही पाळावा: ढगांतून येताना 1,000 फुटांवर वेग आणि उतार जागेवर नसेल, तर उतरायचं नाही, पूर्ण जोर देऊन वर जायचं आणि फेरी मारून पुन्हा यायचं.