बोनमधील निवांत दिवस

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील बोन हे जुन्या तटबंदीचे छोटे शहर पायीच पाहावे आणि त्यातला बराच वेळ ‘ओतेल-द्यू’ या एकेकाळच्या धर्मार्थ रुग्णालयाला द्यावा. बरगंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ याने १४४३ मध्ये स्थापलेल्या या वास्तूच्या चौकात उभे राहिले, की झिलईदार रंगीत कौलांची नक्षी नजर खिळवून ठेवते. आतल्या लांबलचक दालनात लाल पडद्यांच्या खाटा ओळीने मांडल्या असून, रोगिर व्हान डर वेडनचे ‘अंतिम न्याय’ हे अनेक फळ्यांचे चित्र मूळचे इथल्याच रुग्णांसाठी होते. ते त्यांना दिलासा देई की धाक, कोण जाणे. जेवण मात्र घाईत उरकू नये: ‘मरेत’ म्हणजे तांबड्या वाइनचा दाट रस्सा, त्यातली कवचाविना शिजवलेली अंडी पावासोबत खावीत आणि शेवटी, वासाला न बिचकता, ब्रँडीने साल धुतलेले एप्वास चीज घ्यावे.