न्यायाने वागून मिळतं काय? प्लेटोबद्दलचे काही गैरसमज

'बळी तो कान पिळी' हाच न्याय, असं प्लेटोचं मत होतं, हे अनेकदा ऐकायला मिळतं. त्याच्या 'रिपब्लिक' या संवादग्रंथात हे मत आहे, पण ते थ्रॅसिमॅकस या पात्राच्या तोंडी. ते खोडण्यासाठीच पुढचा सगळा ग्रंथ उभा आहे.

गायजेसच्या अंगठीचंही तसंच. दुसऱ्या खंडात ही गोष्ट ग्लॉकन सांगतो. ग्लॉकन हा प्लेटोचा भाऊ. गोष्ट अशी: लिडियाच्या राजाकडे चाकरीला असलेला एक मेंढपाळ. भूकंपाने जमीन दुभंगते, तो भेगेत उतरतो. आत काशाचा पोकळ घोडा, घोड्यात धिप्पाड प्रेत, प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. तिचा खडा तळहाताकडे वळवला की माणूस दिसेनासा होतो. मेंढपाळ राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. सज्जनाला अशी अंगठी मिळाली तर तोही हेच करणार नाही कशावरून?

माणूस मुळात लबाडच, हे प्लेटोला सांगायचंय, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो साफ चुकीचा आहे. ग्लॉकनला स्वतःलाच हे पटत नाही. सॉक्रेटिसने उत्तर द्यावं म्हणून तो अन्यायाची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो. त्याची अटही कठोर: न्यायी माणसाची कीर्ती काढून घ्या, लोक त्याला बदमाश समजोत, चाबकाने फोडोत, त्याचे डोळे जाळोत, अन्यायी माणसाला मात्र सगळे मानमरातब मिळोत. तरीही न्यायीच सुखी, हे दाखवा. नीतीबद्दल इतका निर्भीड प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल.

मेल्यावर देव शिक्षा करतील म्हणून नीट वागा, असं याचं उत्तर आहे, हा तिसरा गैरसमज. एर नावाच्या माणसाची परलोकाची कथा येते ती थेट दहाव्या खंडात, मूळ युक्तिवाद संपल्यावर. खरं उत्तर चौथ्या खंडात आहे. बुद्धी, तेज आणि वासना हे मनाचे तीन भाग आपापलं काम करतात, तेव्हा मन निरोगी असतं. न्याय म्हणजे हेच आरोग्य. अन्याय करणारा पकडला जावो वा न जावो, त्याचं मन आतून बिघडलेलंच असतं. नवव्या खंडातला जुलमी सत्ताधीश तर स्वतःच्याच वासनांचा गुलाम असतो. खऱ्या राजाचं जगणं त्याच्यापेक्षा 729 पट सुखाचं, असा हिशेबही सॉक्रेटिस मांडतो. आकड्याचं राहू द्या, त्यामागचं निरीक्षण मला अचूक वाटतं.

सगळे ग्रीक विचारवंत यावर एकमताचे होते, असंही नाही. छळाच्या चाकावर बांधलेला सज्जन सुखी असतो म्हणणं ॲरिस्टॉटलला निरर्थक वाटलं. सद्गुणाला थोडी बाहेरची अनुकूलता लागतेच, असं तो मानत होता. एपिक्युरसच्या मते अन्याय स्वतःहून वाईट नाही. आपण कधीतरी सापडू, ही न संपणारी भीती वाईट. मात्र अंगठी असलेल्याला ती भीती उरत नाही, म्हणून ग्लॉकनपुढे हे उत्तर तोकडं पडतं.