सातबाऱ्यावरचे नाव आणि तरक्यातला हिस्सा

सातारा व सांगली जिल्ह्यांत आपले बहुतेक लोक दुकानदारीवर आणि हातच्या कसबावर पोट भरतात. बागवान फळबाजारात, तांबोळी पानाच्या धंद्यात, पिंजारी गादीकामात, शिकलगार लोखंडाच्या कामात. धंद्यामुळे घर कराडला, मिरजेला किंवा इस्लामपूरला असते, पण गावाकडे आजोबांच्या नावावर एक-दोन एकर जमीन असतेच. ती कोणी चुलतभाऊ कसतो, सुगीला पोतेभर ज्वारी किंवा गुऱ्हाळाचा गूळ पाठवतो, आणि आपणही तेवढ्यावर समाधानी असतो. कागद बघण्याची वेळ येते ती रस्त्यात जमीन गेली, बँकेने तारण मागितले किंवा कोणी परस्पर विकली म्हणजे. त्या वेळी सातबारा काढावा तर वीस वर्षांपूर्वी मरहूम झालेल्या माणसाचे नाव तसेच असते.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच. मोहिमेत ज्यांचे राहिले असेल त्यांनी पुढच्या मोहिमेची वाट बघत बसण्याचे कारण नाही. वारसनोंद कोणत्याही दिवशी करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) खबर द्यायची असते. उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे देणारे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दिला की प्रकरण गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत जाते. मग फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. नोंद चुकली तर प्रांताकडे अपील आहे, त्याची मुदत ६० दिवसांची.

येथे एक खर्च वाचवण्यासारखा आहे. बरेच लोक वकिलाला पैसे देऊन कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढतात आणि ते घेऊन तलाठ्याकडे जातात. ते प्रमाणपत्र येणे रकमा, ठेवी व शेअर्ससाठी असते, जमिनीसाठी नव्हे. वारसांमध्येच तंटा असेल तर १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला दिवाणी कोर्टातून घेता येतो. तंटा नसेल तर त्याचीही जरूर नाही.

आता मुख्य मुद्दा. सातबाऱ्यावरचे नाव म्हणजे मालकी नव्हे. कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातील नोंद खरी धरून चालायचे, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफार हा सारा वसूल करण्यासाठी आहे, त्याने हक्क निर्माण होत नाही आणि नाहीसाही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी. आपले नाव नसले म्हणून हात टाकून बसू नये, आणि फक्त आपलेच नाव आहे म्हणून सगळी जमीन आपली समजू नये.

आपल्याकडच्या जुन्या उताऱ्यांत दोन चाली हमखास दिसतात. पहिली, थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही हिंदू एकत्र कुटुंबाची कल्पना आहे. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंब व त्याचा कर्ता असा प्रकारच नाही. बाप मयत झाला त्याच क्षणी प्रत्येक वारस आपल्या ठरीव हिश्शाचा मालक होतो. तेव्हा ए.कु.मॅ. भावाने सर्वांच्या वतीने करून दिलेले खरेदीखत त्याच्या स्वतःच्या हिश्शापुरतेच चालते. दुसरी चाल, भावांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्क’ या सदरात. यात बहिणीचा हिस्सा कायद्याने जराही कमी होत नाही, पण जमीन विकताना, कर्ज काढताना किंवा सरकारी मोबदला घेताना तिला कोणी विचारत नाही. नुकसान तिथे होते.

हिस्से कसे पडतात ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक गृहस्थ दोन एकर म्हणजे ८० गुंठे ठेवून वारले. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत, आईबाप हयात नाहीत. प्रथम दफनाचा खर्च, कर्ज (बायकोची राहिलेली मेहर हेही कर्जच) आणि एक तृतीयांशाच्या आतली वसियत असेल तर ती वजा होते. राहिलेल्या तरक्यात बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे १० गुंठे. उरलेल्या ७० गुंठ्यांत मुलाला दोन वाटे व मुलीला एक, असे सात वाटे पडतात. प्रत्येक मुलाला २० आणि प्रत्येक मुलीला १० गुंठे. मूल नसते तर बायकोला चौथा हिस्सा मिळाला असता. आई हयात असती तर तिचा सहावा हिस्सा आधी निघाला असता, आणि ही आई फेरफारात हटकून विसरली जाते. बापाच्या आधी वारलेल्या मुलाची मुले, त्यांचा चुलता हयात असेल तर, वारस होत नाहीत. त्यांच्यासाठी आजोबाने हयातीतच हिबा करावा किंवा एक तृतीयांशात वसियत करावी, तोच मार्ग आहे.

आपल्यातले काही लोक, आणि काही कारकूनही, २००५ च्या दुरुस्तीचे नाव घेऊन सर्व वारसांना सारखे हिस्से लावतात. ती दुरुस्ती हिंदू वारसा कायद्याची आहे, आपल्याला लागू नाही.

मग कोणी हुशार माणूस म्हणेल, १९३७ च्या शरीअत कायद्यात तर शेतजमीन वगळली आहे. खरे आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘शेतजमिनीचे प्रश्न सोडून’ असे शब्द आहेत. कारण १९३५ च्या कायद्याने शेतजमिनीचा वारसा हा विषय प्रांतांकडे गेला होता व दिल्लीला त्यात हात घालता येत नव्हता. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये हे अपवादाचे शब्द काढले. उत्तर प्रदेशात जमीनदारी नष्ट करणाऱ्या १९५० च्या कायद्याने वारसांचा स्वतंत्र क्रम घालून दिला आणि तेथे मुलगी मागे पडली. आपल्याकडे खातेदाराच्या जमिनीसाठी असा वेगळा वारसाक्रम नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनपासून रीत अशी, की कायदा नसेल तिथे मुलखाची रूढी पाहायची आणि रूढीही नसेल तर पक्षकाराचा स्वतःचा कायदा. म्हणजे ‘आमच्या गावात मुलींना जमीन देत नाहीत’ एवढे बोलून भागत नाही. रूढी जुनी, निश्चित व अखंड आहे हे सांगणाऱ्यानेच पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड आहे. ते जमले नाही की मुलीचा हिस्सा शरीअतप्रमाणे उभा राहतो.

वतनाची जमीन असेल तर जरा थांबून जुने कागद पाहावेत. सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४८ पर्यंत सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे एकाच घरच्या दोन जमिनींचे कागद दोन राजवटींचे, त्यांतले कित्येक मोडीतले. त्यात १८८६ च्या वतन दुरुस्तीने वतनदार घराण्यातल्या स्त्रियांना, शेवटच्या पुरुषाची विधवा सोडून, सर्व पुरुषांच्या मागे टाकले होते. मुलींची नावे जुन्या फेरफारांत न दिसण्याचे ते एक कारण आहे. लोकोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने व कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, जमिनी बहुधा नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले की विक्रीपूर्वी तहसीलमध्ये शर्त व नजराणा तपासून घ्यावा. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट असते, तिचेही तसेच. दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या सेवेचे देवस्थान इनाम तर अगदी निराळे. तेथे मुजावराचे नाव कितीही पिढ्या लागलेले असो, ती जमीन तरक्यात येत नाही आणि विकता येत नाही. वक्फच्या कायद्यात २०२५ मध्ये झालेले बदल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता व्यापाऱ्यांच्या खास कामाची गोष्ट. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत, बक्षीस किंवा गहाण घेता येत नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवाय घेतलेली जमीन कलम ८४-क खाली सरकारजमा होऊ शकते. वारसाने येणाऱ्या जमिनीला मात्र ही आडकाठी नाही. म्हणून जो भाऊ मिरजेत दुकान चालवतो आणि ‘मला काय करायची ती माळरानाची जमीन’ म्हणून हक्कसोड लिहून देतो, तो दहा-वीस गुंठ्यांबरोबर शेतकरी असल्याचा पुरावाही सोडतो. पुढे मुलाला पोल्ट्रीसाठी किंवा द्राक्षबागेसाठी जमीन घ्यायची झाली की दुय्यम निबंधकाकडे पहिला प्रश्न येतो, शेतकरी असल्याचा दाखला कुठे आहे? तागा एकदा फाडला की जोडत नाही, तसेच हे. द्यायचेच असेल तर वहिवाट भावाला द्यावी, उत्पन्न द्यावे, पण थोड्या गुंठ्यांवर नाव ठेवावे. बहिणींनाही हेच लागू आहे. तिचे सासर शेतकरी नसेल तर माहेरच्या त्या १० गुंठ्यांवरच तिचे शेतकरीपण उभे असते.

हक्कसोडपत्र नोंदणी करूनच घ्यावे, साध्या कागदावरची सही चालत नाही. आणि बापाच्या हयातीत, लग्नाच्या वेळी, मुलीकडून ‘मला हिस्सा नको’ असे लिहून घेतात, त्याला मुस्लिम कायद्यात सहसा अर्थ नाही. बाप जिवंत असताना तिचा हक्क जन्मलेलाच नसतो, सोडणार काय? (मोबदला घेऊन लिहून दिले असेल तर १९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तिला नंतर मागे फिरणे कठीण जाते, हा वेगळा भाग.) हयातीत द्यायचे तर हिबा आहे. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी झाल्या की तो पुरा होतो. नोंदणी नसली तरी तोंडी हिबा वैध आहे असे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी माझे मत असे, की जमिनीचा हिबा नोंदवूनच करावा. ताबा दिला होता की नाही यावरच नंतर भांडणे होतात.

वाटपात आणखी एक अडचण येते ती तुकडेबंदीची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे झाले. आपले वरचे उदाहरण घ्या. जमीन वाळव्यात किंवा पलूसला कृष्णेच्या पाण्यावर असेल तर मुलींचे १० गुंठे कसेबसे बसतात. तीच जमीन जत, आटपाडी किंवा माण-खटावकडे जिरायत असेल तर १० गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडता येत नाही. अशा वेळी नावे व हिस्से सातबाऱ्यावर लावून जमीन सामाईक ठेवावी, किंवा एका भावाने बाजारभावाने बहिणीचा हिस्सा घ्यावा. बाजारभाव म्हणजे आजचा, बाप वारला त्या सालचा नव्हे. संमतीचे वाटप कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते, हक्काचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात.

जमीन विकत घेणाऱ्याने मुस्लिम घरातून घेताना आणखी एक पाहावे. मयताची मुले अज्ञान असतील तर आईला त्यांच्या हिश्शाची विक्री करून देता येत नाही. मिळकतीपुरते कायदेशीर पालक बाप, त्याने नेमलेला वसी किंवा आजोबा. ते नसतील तर १८९० च्या पालक कायद्याखाली कोर्टाची नेमणूक लागते. आईने सही दिली, पैसे घरखर्चालाच गेले, तरी खरेदी त्या हिश्शापुरती बाद ठरते. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये हे ठरवून ठेवले आहे आणि अजून लोक फसतात.

राहता राहिला तो गावाकडे कसणारा चुलतभाऊ. ‘आम्ही चाळीस वर्षे कसतो, बारा वर्षे झाली की जमीन आमची’ असे तो सांगत असेल तर ते तसे नाही. सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने धरला जातो. तुमचा हक्क त्याने उघड नाकारला आणि तुम्हाला बाहेर काढले, हे त्याला सिद्ध करावे लागते, बारा वर्षे तेथून मोजतात. मात्र त्याने नोटिशीला लेखी उत्तर देऊन हक्क नाकारला असेल, किंवा फक्त स्वतःच्या नावाचा फेरफार तुमच्या माहितीने करून घेतला असेल, तर त्या कागदाची तारीख वहीत लिहून ठेवा आणि वकिलाकडे जा. त्याआधी डिजिटल सहीचा सातबारा, ८-अ चा उतारा आणि आजोबांच्या नावापासूनचे सगळे फेरफार क्रमाने काढून एका फायलीत लावावेत. वकील प्रथम तेच मागतो.