सुलतानाचा दात आणि न चढणारी विहीर

राजाची समाधी तुम्ही पाहिली असेल. घोड्याची, हत्तीची समाधी ऐकली असेल. रायगडावर तर वाघ्या कुत्र्याचीही आहे. पण दाताची? एकट्या, सुट्या, किडक्या दाताची?

ती आहे आपल्या बीड जिल्ह्यात!

गोष्ट चौदाव्या शतकातली. दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक फौजफाटा घेऊन दख्खनेत आला होता. हा तोच, दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादला आणणारा. बीडजवळ मुक्काम पडला आणि सुलतानाचा दात ठणकायला लागला. आता सुलतान असला म्हणून दाढदुखी काय मुजरा करून परत जाते? तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. ईथरची भूल देऊन लोकांसमोर पहिली शस्त्रक्रिया झाली ती १८४६ साली, म्हणजे या दातानंतर पाचशे वर्षांनी. तर तो दात एकदाचा निघाला. तुमचा-माझा दात निघाला तर आपण काय करतो? कौलावर फेकतो नाहीतर कचऱ्यात टाकतो. सुलतानानं तो वाजतगाजत पुरला आणि वर चांगली दगडी इमारत बांधायचा हुकूम दिला! फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. बीड तालुक्यात करजनी गावाजवळच्या टेकडीवरची जुनी इमारत ती हीच, असं मानतात.

मला विचाराल तर सुलतानानं जपायला वस्तू मात्र बरोबर निवडली. दाताच्या वर जे पांढरं कवच असतं ना, तो आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. म्हणून तर लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांचं बाकी सगळं मातीत मिसळतं, पण दात सापडतात, आणि त्यावरून तो प्राणी गवत खायचा की मांस, हे शास्त्रज्ञ सांगतात. एकच अडचण. हे कवच एकदा झिजलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. सुलतानालाही नवं बनवून मिळालं नाही.

बीड जिल्हा म्हटलं की पाहुणे परळीला वैजनाथाचं दर्शन घेतात, अंबाजोगाईला योगेश्वरीचं घेतात. अंबाजोगाईला जायचंच असेल तर दासोपंतांची पासोडीही विचारून बघा: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर अख्खा ग्रंथ लिहिलेला! पण बीड शहर? ते बिचारं सोलापूर–धुळे रस्त्यावर एसटी बदलायचं ठिकाण होऊन बसलंय. लोक स्टँडवर चहा पितात आणि पुढे जातात. आज आपण पुढे जायचं नाही. आज आपल्याला एक विहीर बघायची आहे.

बीडपासून सोलापूरच्या रस्त्यानं सहाएक किलोमीटर गेलं की खजाना विहीर लागते. नाव ऐकून सगळी मुलं एकच प्रश्न विचारतात, "मग खजिना आहे का आत?" सोनंनाणं नाही. उलट असं सांगतात की ही विहीर बांधण्यात सगळा खजिना रिकामा झाला, म्हणून हे नाव! अहमदनगरच्या निजामशाहीत मुर्तझा निजामशहा गादीवर असताना बीडचा जहागीरदार होता सलाबतखान. त्यानं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विहीर बांधवली. आणि ज्यानं तिची आखणी केली, त्या कारागिराचं नाव राजा भास्कर. राजाचं नाव राहतं, जहागीरदाराचं राहतं. पण इंजिनिअरचं नाव चारशे वर्षं लोकांच्या तोंडी राहिलं, असं फार थोड्या ठिकाणी घडतं. म्हणून हे नाव पाठच करा.

काठावरून बघितलं तर गोल, दगडी बांधणीची विहीर. त्यात काय एवढं? आहे की. या विहिरीबद्दल जुनी माणसं एक गोष्ट ठासून सांगतात: पाऊस धो धो पडो नाहीतर दुष्काळ पडो, हिच्या पाण्याची पातळी हलत नाही. बीडमध्ये दुष्काळ म्हणजे काय ते बीडच्या मुलांना सांगायला नको. टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावलेल्या त्यांनी पाहिल्यात. अशा मुलखात पाणी हलत नाही म्हणजे जादूच म्हणायची!

जादू नाही. विहिरीच्या आत तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून जमिनीखालचं पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून ते बाहेर शेतांकडे जातं. म्हणजे ही साधी विहीर नाहीच, ही एक जमिनीखालून वाहणाऱ्या कालव्यावरची चौकी आहे. आता वरचं अर्धं कोडं तुम्हीच सोडवा. पाण्याला बाहेर पडायची वाट ठरावीक उंचीवर आहे. पाणी तिथवर चढलं की काय होईल?

कळलं नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हींना तळापासून चार बोटं वर भोक पाडा. एकीला दाभणाएवढं, दुसरीला पेन्सिल जाईल एवढं. (भोक पाडायला घरातल्या मोठ्या माणसाला बसवा. बोटाला भोक पाडून घेतलंत तर नाव माझं येईल.) आता पहिली बाटली नळाखाली धरा, नळ अगदी बारीक सोडा. पाणी भोकापर्यंत चढेल, थोडं वर जाईल आणि थांबेल. जेवढं येतंय तेवढं भोकातून जातंय! नळ जरा मोठा करा. पाणी आणखी चढेल, धार लांब उडेल, कारण वर पाणी जास्त झालं की भोकावरचा दाबही वाढतो. मग पुन्हा पातळी स्थिर. आता हेच मोठ्या भोकाच्या बाटलीत करून बघा. नळ वाढवला तरी पातळी जेमतेम हलते. खजाना विहिरीची बाहेरची वाट तर भुयाराएवढी मोठी. पातळी का चढत नाही, ते आलं ना लक्षात?

हे झालं चढण्याचं. पण मग पातळी उतरत का नाही? उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळ गाठतात, मग हिला पाणी कोण देतं? त्यासाठी आपल्याला जमिनीत उतरावं लागेल. आणि त्याआधी थोडं स्कॉटलंडला जाऊन यावं लागेल. घाबरू नका, लगेच परत येऊ.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा नावाचं जुनं शहर आहे. तिथं उंच कड्यावर किल्ला आहे आणि जगभरचे पाहुणे तो बघायला लोटतात. तो कडा म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा घसा! आतला रस घशातच थिजला, भोवतालचा दगड झिजून गेला, आणि घसा उभा राहिला. पण शहराला लागूनच सॉल्सबरी क्रॅग्ज नावाचे कडे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी एक साधीशी दिसणारी जागा आहे. किल्ल्याला जाणारे बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. अठराव्या शतकात जेम्स हटन तिथं मात्र थबकला. त्याला दिसलं की वरचा कठीण दगड कधीतरी वितळलेला असला पाहिजे, कारण त्यानं खालच्या थरांत घुसून त्यांचा तुकडा वर उचलला होता. त्या काळी पुष्कळ पंडित म्हणत, सगळे दगड समुद्राच्या पाण्यातून साचले. हटन म्हणाला, नाही, काही दगड आगीतून आले. आज भूगर्भशास्त्राची सुरुवात सांगताना पहिल्यांदा त्याचं नाव घेतात.

चला, आलो परत बीडला. इथला काळा दगडही आगीतूनच आलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थिजायचा, त्यावर दुसरा पसरायचा. टोपल्यात भाकरींची चवड रचावी तसा सगळा दख्खन रचला गेला. बालाघाटचे डोंगर म्हणजे ही चवडच. आता विहीर खोदणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल की काळा पाषाण लागला की पाण्याची आशा कमी, कारण त्यातून पाणी मुरत नाही. पण दोन थरांच्या मध्ये, किंवा वरच्या झिजलेल्या मुरमात, किंवा बुडबुड्यांच्या खुणा असलेल्या मांजऱ्या दगडात पाझर सापडतो. पावसाचं पाणी मुरून तिथं जातं, खालच्या पाषाणाला अडतं आणि आडवं हळूहळू सरकत राहतं.

साधी विहीर म्हणजे जमिनीत खोदलेला उभा खड्डा. तिला तिच्या भोवतालचाच पाझर मिळणार. पण तुम्ही आडवं भुयार लांबवर नेलंत तर? तर ते वाटेतले कितीतरी पाझर गोळा करत येईल. एखादा आटला तरी बाकीचे असतात. शिवाय पाणी जमिनीखालून येतं, म्हणून ऊन त्याला पिऊन टाकत नाही. बीडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल.

ही युक्ती इराणमध्ये फार जुनी. तिथल्या अशा भुयारी कालव्यांना २०१६ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला असं काम आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली नहर तर पुष्कळांना माहीत असते. खजाना विहीर त्या नहरीच्याही आधीची आहे. पण नाव कुणाचं झालं? मोठ्या शहराचं. चालायचंच.

यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं असेल सांगा? खोदणं? नाही. उतार साधणं. भुयाराला उतार जास्त झाला तर पाणी वेगानं जाऊन तळ खरवडतं, आणि उतार कमी झाला तर गाळ बसून भुयार तुंबतं. बाहेर जाणारं भुयार तर आणखी हुशार असावं लागतं. वरची जमीन जास्त उतरती, भुयार कमी उतरतं. असं करत करत एका जागी भुयार आणि जमीन भेटतात आणि पाणी आपलं आपण उघड्यावर येतं. ना मोट, ना मोटार, ना विजेचं बिल! आजही गवंडी पाणसळ लावून भिंत समपातळीत आहे का बघतात, ओळंबा सोडून ती सरळ आहे का बघतात. पण अंधारात, जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात हा हिशेब सांभाळायचा म्हणजे खायचं काम नाही. राजा भास्करचा हिशेब जमला. त्या पाण्यावर बलगुजार भागात पाचशेहून जास्त एकर जमीन अगदी अलीकडेपर्यंत भिजत होती.

पाणी बघून झालं असेल तर आता पाण्यातलं देऊळ बघू. शहराच्या पूर्वेला कंकालेश्वराचं मंदिर आहे. चौकोनी कुंड आणि कुंडाच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ. ते उत्तर चालुक्यांच्या काळातलं की यादवांच्या, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते, तेव्हा गर्दी असते. तुम्ही गर्दी नसताना जा, सकाळी लवकर. बाहेरची भिंत सरळ नाहीच. ती कोनाकोनानं आत जाते, बाहेर येते. त्यामुळे सूर्य जसा सरकतो तशी सावली मूर्तींवरून सरकते, आणि सकाळी न दिसलेली मूर्ती दुपारी एकदम पुढे येते. शेकडो वर्षं पाण्यात पाय सोडून बसलेलं हे देऊळ भिजून कुजत का नाही? कारण तोच लाव्हाचा दगड. पाणी त्यात शिरायला जागाच फार कमी. विहिरीला नको असलेला पाषाण देवळाला मात्र पाहिजे.

मग खंडोबाच्या टेकडीवर चढा. देवळासमोर दोन अष्टकोनी दीपमाळा उभ्या आहेत, प्रत्येकी सुमारे ७० फूट उंच. पूर्वी यावर दिवे लावले की ते किती लांबून दिसत असतील? हे गणितानं काढता येतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ नं गुणा. येतील तितके किलोमीटर. ७० फूट म्हणजे २१ मीटरच्या थोडं वर. वर्गमूळ ४.६. गुणाकार केला की सोळा किलोमीटर! आणि हे सपाट जमिनीवर, मध्ये काही आडवं नसताना. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापुढे दिवा क्षितिजाखाली बुडतो. दीपमाळा तर टेकडीवर आहेत, तेव्हा टेकडीची उंची मिळवून तुम्ही पुन्हा गणित करा. उत्तर वाढेल.

शेवटी बीडच्या मुलांसाठी एक काम. खजाना विहिरीची पातळी "कधीच हलत नाही" असं मी ऐकलेलं तुम्हाला सांगितलं. पण ऐकलेलं आणि मोजलेलं यांत फरक असतो. तुमच्या सरांना किंवा बाईंना बरोबर घ्या. विहिरीच्या काठावर एक दगड ठरवा आणि तिथूनच दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. काठावर वाकणं, उडी मारणं, भुयारात शिरणं अजिबात चालणार नाही. दोरी मोठी माणसंच सोडतील, तुम्ही आकडे लिहायचे. पोळ्याला एकदा मोजा, दिवाळीला एकदा, होळीला एकदा आणि भर मे महिन्यात एकदा. वहीत तारीख घाला, त्या महिन्यात पाऊस किती झाला तेही लिहा, आणि चारही आकडे शेजारी शेजारी मांडून आम्हाला पाठवा.