पाथरी, व्हाया अहमदनगर

ऑफिसात ‘तुझं गाव कुठलं?’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘परभणी’ म्हणतो. चेहरा कोराच राहिला तर ‘नांदेडच्या अलीकडे’. पाथरीपर्यंत गाडी जातच नाही. म्हणजे खरंच जात नाही! रेल्वेनं आलात तर मानवत रोडला उतरायचं आणि पुढे रस्त्यानं.

मग जानेवारी २०२० मध्ये आम्ही एकदम फेमस झालो. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले आणि शिर्डी खवळली. १९ तारखेला तिथे कडकडीत बंद. शेवटी मुंबईत बैठक झाली आणि ‘जन्मस्थान’ हा शब्द मागे पडला. पाथरीकर भुसारी घराण्याचा वाडा दाखवतात, तिथे साईमंदिरही आहे. शिर्डीकर म्हणतात, बाबांनी स्वतः कधी जात-धर्म-गाव सांगितलंच नाही, मग तुम्ही कोण सांगणार? खरं सांगू? हा मुद्दा मला, पाथरीचा असूनही, पटतो. त्या आठवड्यात हे घरी बोललो आणि जेवणाच्या ताटावर शांतता पसरली. काका अजून टोमणा मारतात.

पण ‘मूळ गाव’ यावरून पाथरीत झालेला हा काही पहिला राडा नाही. पहिला झाला पाचशे वर्षांपूर्वी, आणि त्यात चक्क सैन्य होतं.

फरिश्ता हा इतिहासकार सांगतो ती गोष्ट अशी. पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातली माणसं विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिली. त्यांच्यातला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं दरबारात पार वरपर्यंत चढला. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये निजामशाही उभी केली. अहमदनगर हे नाव त्याचंच.

त्याचा मुलगा बुऱ्हाण. सुलतान झाल्यावर त्याला पूर्वजांचं गाव हवंसं वाटलं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत. बुऱ्हाणनं आधी सरळ ऑफर दिली: पाथरी द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. अलाउद्दीन इमादशहानं नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणनं पाथरी जिंकली. १५२७ मध्ये इमादशहानं गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला सोबत घेऊन ती परत मिळवली. बुऱ्हाण पुन्हा आला, तोफा लावल्या, किल्ला पाडला आणि गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना देऊन टाकलं!

नुसत्या मायेपोटी एवढं कुणी करत नाही, असं माझं मत. दक्षिणेला गोदावरी, भोवती काळी कसदार जमीन, आणि दोन राज्यांच्या सीमेवरची जागा. असं ठाणं कुणाला नको असेल? पुढे अकबराच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून पाथरीचं नाव येतं, म्हणजे आजच्या हिशोबानं जिल्ह्याचं ठिकाण. मग निजामाचं राज्य, १९४८ मध्ये सुटका, आणि आता परभणी जिल्ह्यातला एक तालुका. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, कापूस, ऊस.

यायचंय? कल्याणहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६१ पकडा. तो अहमदनगरवरूनच येतो, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरवरून. पुढे माजलगाव, मग गोदावरीचा पूल, आणि मग आम्ही. काका घरीच असतात. शिर्डीचा विषय तेवढा काढू नका.