फौजेतून रिटायर झालात? गर्भनिरोधक साधनं मोफत कुठे मिळतात ते वाचा

जवान १५-१७ वर्षं नोकरी करून घरी येतो, तेव्हा बहुतेक वेळा तो चाळिशीच्या आत असतो. आतापर्यंत सुट्टीपुरता येणारा नवरा आता कायमचा घरी. म्हणजे मूल हवं की नको, हवं तर कधी, हा प्रश्न पुढची काही वर्षं राहणारच. पण पेन्शन आणि कॅन्टीनच्या गप्पांत हा विषय कुणी काढत नाही.

अमेरिकेत यावर थेट संसदेत चर्चा झाली. तिथे २०१० च्या कायद्याने बहुतेक खासगी विम्यात गर्भनिरोधकं मोफत झाली, पण माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यासाठी पैसे मोजावे लागत होते. ही फी काढण्याचं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये मात्र अडकलं.

आपल्याकडे काय आहे?

पेन्शनर माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना ती लागू नाही. त्यांचं वय तेव्हा विशी-पंचविशीचं, म्हणजे ऐन लग्नाचं.

पण गर्भनिरोधकांसाठी ईसीएचएसचं कार्ड लागतच नाही. सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ही साधनं सगळ्यांनाच मोफत मिळतात.

कोणती साधनं?

• निरोध : लैंगिक आजारांपासूनही बचाव करणारं साधन.
• माला-एन : रोज एक गोळी.
• छाया : हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.
• अंतरा : दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.
• कॉपर-टी : प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते.

गोळी, इंजेक्शन किंवा कॉपर-टी सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. प्रत्येकीला प्रत्येक साधन चालतंच असं नाही.

वसई-विरारमध्ये कुठे जायचं?

शहरात महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र किंवा वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, नाहीतर आशाताई. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक साधन असेलच असं नाही, म्हणून आधी विचारून जा.

आणि नवऱ्याचं काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित महिला नसबंदीवर अवलंबून आहेत. पुरुष नसबंदीचं प्रमाण आहे फक्त ०.३ टक्के. खरं तर पुरुषांचं ऑपरेशन जास्त सोपं. त्यात टाके नसतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. त्याने ताकद कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यायची.

इतकी वर्षं घर तिने एकटीने सांभाळलं. निदान आरोग्य केंद्रात तरी तिला एकटीला पाठवू नका. दोघं मिळून जा.