तान्हे बाळ घेऊन माता बैठकीला

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण म्हणतो. बारशाला घर भरून जाते, पाळणा म्हटला जातो, घुगऱ्या वाटल्या जातात. मग पाहुणे आपापल्या घरी जातात आणि रात्री दोन वाजता रडणारे बाळ व त्याची आई एवढीच उरतात. त्या वेळी आईला जे एकटेपण येते, त्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही.

आम्ही म्हणजे कल्याण पूर्वेला चाळीत राहणाऱ्या सासू-सुना. हा लेख दोघींनी मिळून केला आहे. एकीने सांगितले, दुसरीने बाळ निजल्यावर लिहून काढले. म्हणून इथे 'मी' नाही, 'आम्ही' आहे. जिथे वेगळे सांगावे लागेल तिथे थोरली आणि धाकटी म्हणू.

धाकटी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत पॅकिंगचे काम करीत होती. ठेकेदाराकडून हजेरी. सातवा महिना लागला तशी 'आता घरी बसा' असे तिला सांगण्यात आले. भरपगारी रजेचे नावही कोणी काढले नाही, आणि मागायचे असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते. बाळंतपण कळव्याला माहेरी झाले. मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे ग्रॅम. दोन महिन्यांनी मायलेकी कल्याणला आल्या आणि इथून आमची परीक्षा सुरू झाली.

बाळ रात्रभर रडे. शेजारणी म्हणाल्या, 'दूध पुरत नाही तिला.' थोरलीलाही तेच वाटले. तिने बाटली आणली, पिशवीचे दूध तापवले, बाळाला जड होऊ नये म्हणून अर्धे पाणी घातले. बाळ बाटली पिऊन निजे, म्हणून आम्हाला वाटले, जमले. आठ दिवसांत बाळाला जुलाब लागले. दवाखाना केला, औषध दिले, जुलाब थांबले. पण बाळाच्या अंगावर मांस धरेना. धाकटी मनातल्या मनात म्हणे, आपल्या अंगात दूधच नाही, आपण कसली आई! ती जेवेनाशी झाली. घरात दोघींचे बोलणेही कमी झाले.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आशाताई आल्या. त्यांनी बाळाला पाहिले, बाटली पाहिली, कोणाला काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, 'परवा विहारात मातांची बैठक आहे. बाळाला घेऊन या. आणि मावशी, तुम्हीपण या.' थोरली म्हणाली, 'पाच बाळंतपणं झालीत माझी, मला काय शिकवणार?' तरी आम्ही गेलो. खरे सांगायचे तर दोघीही आपलेच बरोबर आहे हे सिद्ध करायला गेलो.

विहाराच्या हॉलमध्ये चटया अंथरलेल्या होत्या. बारा-तेरा बायका, तेवढीच पोरे. कोणी उत्तर प्रदेशातून आलेली, कोणी मुस्लिम मोहल्ल्यातली, बाकी आपल्याच वस्तीतल्या. अंगणवाडीच्या सेविकेने प्रत्येक बाळाचे वजन करून कार्डावरच्या आलेखावर टिंब दिले. आमच्या बाळाचे वजन चार किलो शंभर भरले. आधीची रेघ वर चढत होती, ती आता आडवी झाली होती. ती आडवी रेघ बघून धाकटीला रडू आले.

सेविका रागावली नाही. तिने विचारले, 'बाटली देण्याआधी दिवसातून किती दुपटी ओली व्हायची?' धाकटी म्हणाली, 'सात-आठ.' 'मग दूध होतं की! दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि वाढणारं वजन, हीच दूध पुरत असल्याची खूण. रडणं ही भुकेचीच खूण नसते. बाळ गरमीनं रडतं, पोट दुखलं म्हणून रडतं, नुसतं जवळ घ्यावं म्हणूनही रडतं.' मग तिने समजावले की दूध हे बाळाच्या चोखण्यावर वाढते. बाटलीने पोट भरले की बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी होते. मग बाटली वाढते. पाणी घातलेल्या दुधाने पोट भरते, पण अंग भरत नाही. शिवाय बाटलीचे बूच नीट उकळले गेले नाही तर त्यातूनच जुलाब होतात.

शेजारी बसलेल्या एका बाईने आपल्या पोराला पाजत दाखवले. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे, नुसते टोक नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. धाकटी म्हणाली, 'मी तर नुसतं टोकच देत होते, म्हणून एवढं दुखायचं.' तिथल्या तिथे तिने बाळाला पुन्हा लावून घेतले. दहा बायका बघत होत्या, पण लाज वाटली नाही. त्याही त्यातूनच गेल्या होत्या.

आणि मग थोरली बोलली. आजवर घरात कोणाला पुरते सांगितले नव्हते ते तिने त्या चटईवर सांगितले. तिची पाच बाळंतपणे झाली, मुले चार आहेत. दुसरा मुलगा अडीच महिन्यांचा होऊन गेला. त्यालाही अंगावरचे पुरत नाही म्हणून डब्याचे दूध दिले होते. डबा महाग, म्हणून एक डबा महिनाभर पुरवायचा. जुलाबातच तो गेला. 'मला वाटायचं माझ्या नशिबात नव्हता. आज कळलं, दूध पातळ होतं.' हॉल गप्प झाला. सेविकेने तिचा हात धरला आणि म्हणाली, 'तुमचा दोष नाही मावशी. तेव्हा तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.'

ही एका घराची गोष्ट नाही. डब्यावर आणि जाहिरातीत गुटगुटीत बाळाचे चित्र, आणि गरीब घरात पाण्याने वाढवलेले दूध, असे जगभर घडत आले. म्हणूनच आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि बाळाच्या डब्याच्या दुधाची व बाटल्यांची जाहिरात, त्यांचे फुकट नमुने वाटणे यांवर बंदी आली.

घरी परतताना विहारातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे आम्ही थांबलो. माता रमाईंच्या पोटची पाच लेकरे, त्यांतले एकटे यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशभरासाठी कायदा आला, २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती २६ आठवड्यांचीच आहे. ठेकेदाराकडून कामाला लागलेल्या बाईलाही हा हक्क आहे; बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले हवे. हे सारे आमच्या धाकटीला बैठकीत समजले, पण वेळ निघून गेल्यावर. तुमची वेळ निघून जाऊ देऊ नका. हजेरीचे कार्ड, पगाराची पावती जपून ठेवा.

बायका चटईवर बसून बोलल्याने काय होते, असे घरातली पुरुष मंडळी विचारतात. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात २००५ ते २००८ या काळात गावोगाव बायकांच्या अशा बैठका घेऊन पाहिल्या. जिथे बैठका झाल्या तिथे महिन्याच्या आतले बालमृत्यू सुमारे ३२ टक्क्यांनी कमी भरले. मुंबईच्या झोपडवस्त्यांतही तसाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. तिथे मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे बैठक ही जादू नव्हे. वजनकाटा, आशाताई, औषध आणि दवाखाना जागेवर असतील, आणि बाई ऐकून घरी गेल्यावर घर तिचे ऐकणार असेल, तर बैठकीचा उपयोग. म्हणूनच सुनेबरोबर सासूने जायचे.

बैठकीत आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध. उन्हाळ्यातही पाणी नको, घुटी नको. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच. सहा महिने झाले की दुधाबरोबर वरण-भात, नाचणीची खीर, उकडून कुस्करलेला बटाटा, असे घरचे मऊ जेवण. कामावर जावे लागले तर दूध हाताने काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. आपल्याकडच्या उकाड्यात ते चार तासांत द्यावे, आणि वाटी-चमच्याने द्यावे. बाळंतिणीला अंगणवाडीतून सहा महिने आहार मिळतो, तो घ्यायला लाजू नये. तो तिच्या वाट्याचा आहे. घरात सर्वांना वाटून टाकू नये. आणि बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त उदास राहिली, जेवेना, झोपेना, बाळाकडे बघेना, तर 'नखरे करते' म्हणू नये. तिला डॉक्टरकडे न्यावे.

आम्ही बाटली एकदम बंद केली नाही. सेविकेच्या सांगण्याप्रमाणे दर दोन तासांनी आणि रात्रीही अंगावर पाजत गेलो, वरचे दूध थोडे थोडे कमी केले, तेही पाणी न घालता आणि वाटीने. बाराव्या दिवशी वरचे दूध सुटले. त्या दिवसांत थोरलीने धुणे-भांडी आपल्याकडे घेतली आणि धाकटीच्या ताटात आधी वाढले. पुढच्या बैठकीला बाळाचे वजन पाच किलो भरले. रेघ पुन्हा वर चढली.

आता दर महिन्याला आम्ही तिघी जातो. मागच्या वेळी डोंबिवलीहून नवीन राहायला आलेली एक मुलगी दाराशी घुटमळत होती, काखेत महिन्याचे बाळ आणि पिशवीत बाटली. थोरलीने चटईवर सरकून जागा केली आणि म्हणाली, 'ये पोरी, बस. आधी बाळाला मोकळं कर, मग बोलू.'

भगिनींनो, आपापल्या वस्तीतली बैठक कधी असते ते अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा. आणि सासूबाईंनो, सुनेला एकटी पाठवू नका. जयभीम.